हिरड्या सुजल्या की सूज उतरवायची गोळी : हे किती दिवस चालायचं?

सांजवात

आईचं वय ६४. दहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. गेल्या महिन्यात नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढून १.९ आलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "काकू, दुखण्याची गोळी कुठली घेता?" आई म्हणाली, "दुखण्याची नाही हो, ती दातांची आहे."

घरी आल्यावर शोधलं. साबुदाण्याच्या डब्यामागे प्लॅस्टिकच्या पिशवीत अकरा रिकाम्या पट्ट्या निघाल्या. एसिक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराशिओपेप्टिडेज असं तिन्ही एकत्र असलेली गोळी. दोन वर्षांमागे एकदा हिरडी सुजून गाल वर आला होता, तेव्हा कुणीतरी पाच दिवसांसाठी लिहून दिली होती. त्यानंतर हिरडी ठणकली की आई स्वतःच घ्यायची. सकाळी एक, रात्री एक, तीन-चार दिवस. मग दहा-बारा दिवस बरे जायचे, आणि परत तेच. कोपऱ्यावरच्या दुकानात "दातांची सूज उतरायची गोळी द्या" म्हटलं की मिळायची. चिठ्ठी कुणी मागितली नाही.

सूज उतरायची हे खरं आहे. पण याच दोन वर्षांत तिचे खालचे पुढचे दोन दात हलायला लागले. भाकरीचा तुकडा ती बोटांनी मोडून आमटीत बुडवून ठेवते, मऊ झाला की खाते. मी समोर बसून जेवते, आणि मला वाटायचं तिला तसं आवडतं. हे लिहिताना हात थांबतोय.

दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, पायोरिया आहे, हाड झिजलंय, आधी मुळांपर्यंत साफ करू, मग पुढचं बघू. गोळी बंद. आई घाबरली आहे. "मशीन लावलं की दात आणखी खिळखिळे होतात" हे तिला आमच्या आळीतल्या सगळ्यांनी सांगितलंय.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सूज उतरवणाऱ्या गोळीनं सूज उतरते, मग रोग का थांबत नाही? आणि हिरड्यांच्या रोगावर सूज कमी करणारं असं काही औषध आहे का, जे खरोखर उपयोगी पडतं?

पिंपळपान

सांजवात, आईंची काळजी घ्या. आमच्या वडिलांचं थोडं वेगळं. त्यांच्या हिरड्या दातांवर चढल्यासारख्या वाढल्या होत्या, पुढचे दात निम्मे झाकले गेले होते. वर्षभर गम पेंट चोळलं, गोळ्या घेतल्या. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी कुठली? एम्लोडिपिन. ती बदलली आणि दात नीट साफ केले, तेव्हा सहा महिन्यांत बराच उतार पडला. तुमच्या आईंची बीपीची गोळी कुठली आहे ते बघाच.

दंतमूळ

मी हिरड्यांचा डॉक्टर आहे, सोलापूरला १९ वर्षं प्रॅक्टिस करतो. तुमची पोस्ट वाचली आणि आज सकाळीच आलेल्या एका आजी आठवल्या. त्यांच्याही पिशवीत अशीच पट्टी होती. सावकाश लिहितो, कारण तुमचा पहिला प्रश्न फार नेमका आहे आणि आमच्या शास्त्राला त्याच प्रश्नानं चाळीस वर्षं झुंजवलंय.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक फट असते. निरोगी माणसात ती दोन-तीन मिलिमीटर. तिथे जंतूंचा चिकट थर बसतो, रोजच्या रोज निघाला नाही तर कडक होऊन त्याचं किटण होतं. हिरडी लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं. इथपर्यंत सगळं पूर्ववत होऊ शकतं. हॅराल्ड लो या संशोधकानं डेन्मार्कमध्ये १९६५ साली बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं परत सुरू केलं, आठवड्याभरात हिरड्या बऱ्या. गोळी नाही, इंजेक्शन नाही.

काही माणसांत मात्र सूज खाली उतरते. फट खोल होत जाते, तिला आम्ही पॉकेट म्हणतो. आता नीट ऐका : हाड जंतू खात नाहीत. जंतूंशी लढायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, त्या पेशी आणि आजूबाजूचं मांस मिळून जी रसायनं सोडतात, त्यांत प्रोस्टाग्लँडिन असतं, इंटरल्युकिन असतं, आणि कोलॅजन, म्हणजे हिरडीचे धागे ज्याचे बनतात ते प्रथिन, तोडणारी विकरंही (एन्झाइम) असतात. त्यांच्यामुळे दाताला धरून ठेवणारे धागे तुटतात आणि हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. म्हणजे जंतू निमित्त, आणि नुकसान बरंचसं आपल्याच शरीराच्या हातून.

तुमच्या आईंची गोळी यातलं फक्त प्रोस्टाग्लँडिन अडवते. त्यामुळे ठणका थांबतो, सूज ओसरते. पॉकेटच्या तळाशी मुळाला चिकटलेलं किटण आणि जंतूंचा थर जिथल्या तिथे. भिंतीत नळ फुटलाय आणि आपण वरून रंग देतोय, तसं. त्यात या रोगात एरवी दुखत नाही. दुखलं तेव्हाच माणूस डॉक्टरकडे जातो आणि गोळीनं नेमकं तेवढंच बंद केलं. तुमच्या आईंची दोन वर्षं अशी गेली. यात त्यांची किंवा तुमची चूक धरू नका. ठणकतंय तेव्हा हाताशी जे आहे ते माणूस घेणारच.

मशीननं दात हलत नाहीत. किटण दातांच्या मधे सिमेंटसारखं बसून हलते दात एकमेकांना बांधून ठेवतं. ते काढलं की आधीच गेलेल्या हाडाची जागा उघडी पडते, म्हणून दात सैल वाटतात. हे त्यांना आरशात दाखवून समजवा, आधी सांगितलं की भीती कमी होते.

रेवदंडा

डॉक्टर, एक शंका. तुम्ही म्हणता नुकसान आपलंच शरीर करतं. मग शरीराचा हा अतिरेक थांबवणारं औषध हेच तर खरं औषध व्हायला हवं ना? जंतू थोडेफार सगळ्यांच्याच तोंडात असतात. माझी आजी आयुष्यभर राखुंडीनं दात घासायची, शेवटपर्यंत ऊस सोलून खाल्ला. माझ्या बायकोनं दोन वेळा ब्रश करूनही चाळिशीत दोन दाढा घालवल्या.

दंतमूळ

रेवदंडा, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्या शेजारचाच आहे. त्याच लो यांनी १९७० पासून पंधरा वर्षं श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० मजुरांचे दात पाहिले. टूथब्रश नाही, दातांचा डॉक्टर नाही, सगळ्यांच्या दातांवर भरपूर किटण. जंतूंवरच सगळं अवलंबून असतं तर सगळ्यांचे दात सारखेच जायला हवे होते. पण साधारण ८ टक्क्यांचा रोग झपाट्यानं वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीनं, आणि ११ टक्के माणसांची हिरड्यांच्या पुढे काही हानीच झाली नाही. एकच मळा, तीच घाण, तीन वेगळे निकाल. तुमच्या आजी त्या ११ टक्क्यांतल्या असाव्यात.

म्हणूनच तुमचा विचार संशोधकांनाही सुचला. जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही. पुढे १९८२ चं नोबेल त्यांना आणि दोन स्वीडिश शास्त्रज्ञांना मिळून मिळालं. हिरड्यांवर काम करणाऱ्यांनी हा धागा लगेच उचलला. १९७९ साली कुत्र्यांवर इंडोमेथॅसिन, याच गटातलं प्रोस्टाग्लँडिन अडवणारं औषध, वापरून पाहिलं, हाडाची झीज कमी झाली. १९८३ साली सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं अशी औषधं घेणाऱ्या माणसांच्या जबड्यांचे एक्स-रे तपासले, त्यांचं हाड तुलनेनं शाबूत होतं. १९८५ साली बीगल जातीच्या कुत्र्यांवर याच गटातल्या फ्लर्बिप्रोफेनचा प्रयोग 'सायन्स' या नियतकालिकात आला. तेव्हा या क्षेत्रात केवढी आशा पसरली असेल, कल्पना करा. रोज एक गोळी घ्या, दात वाचवा.

मग माणसांवरची चाचणी झाली. फ्लर्बिप्रोफेन ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. निकाल १९८९ साली आला. पहिल्या दीड वर्षापर्यंत गोळी घेणाऱ्यांचं हाड कमी झिजलं. दोन वर्षांच्या शेवटी मात्र दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. १९९५ साली त्याच गटातल्या केटोरोलॅकच्या गुळण्या करूनही पाहिल्या. म्हणजे औषध पोटात न जाता जिथे लागतं तिथेच लागेल. आकडे आशादायक होते, पण तो सहा महिन्यांचा प्रयोग होता आणि हा आजार जन्माचा सोबती असतो.

मी विद्यार्थी असताना हे वाचून खरोखर हळहळलो होतो. कल्पना इतकी सरळ आणि सुंदर होती. फसली का? माझ्या समजुतीप्रमाणे तीन कारणं, आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिलं, ही औषधं सुजेची एकच वाट अडवतात, बाकीच्या वाटा चालूच राहतात. दुसरं, वर्षानुवर्षं घेतली की पोट आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात, दातासाठी ती फार मोठी आहे. तिसरं म्हणजे सूज ही नुसती दाबायची गोष्ट नाही. चार्ल्स सरहान हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत दाखवलंय की सूज आपोआप विझत नाही, काम झाल्यावर तिला आवरतं घ्यायला शरीर स्वतंत्र रेणू बनवतं. त्यांना रिझॉल्व्हिन वगैरे नावं आहेत. सुजेच्या सुरुवातीला जी रसायनं येतात त्यांच्याच पावलावर हे आवरणारे रेणू येतात. सरसकट सगळं अडवलं तर पेटवणं थांबतं, पण विझवणंही अडखळतं. सशांच्या हिरड्यांवर यातलाच एक रेणू लावला, तर हाडाची झीज थांबली आणि काही प्रमाणात हाड भरूनही आलं. माणसांसाठी असं औषध अजून दुकानात आलेलं नाही. मला मनापासून वाटतं की पुढचं दार तिथे आहे.

तिखटमीठ

सरहानांचे रेणू ओमेगा-३ पासून बनतात ना? मग जवस आणि माशाचं तेल चालू करावं का? आमच्याकडे हळद-खोबरेल चोळतात, तेलाच्या गुळण्याही करतात.

दंतमूळ

हो, रिझॉल्व्हिन ओमेगा-३ पासूनच. २०१० साली ८० रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. मुळांची साफसफाई, जोडीला माशाचं तेल आणि ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, सहा महिने. नुसत्या साफसफाईपेक्षा पॉकेट जास्त भरले. पण ही एक छोटी चाचणी. युरोपच्या पेरिओडॉन्टॉलॉजी (हिरड्यांच्या रोगांचं शास्त्र) महासंघानं २०२० साली सगळा पुरावा एकत्र तपासून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत ओमेगा-३ ची शिफारस केलेली नाही. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही नकोत असं स्पष्ट म्हटलंय, पोटातून घ्यायच्याही आणि हिरडीत भरायच्याही. बांगडा, तारली, जवसाची चटणी जेवणात असू द्या, चांगलंच आहे. ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनानं अजिबात नको, रक्तस्राव होतो.

हळदीनं हिरडीची वरवरची लाली थोडी कमी होते. पण सहा मिलिमीटर खोल फटीत बोट पोहोचत नाही, हळदही नाही.

शिसवी

नाशिकला माझं औषधांचं दुकान आहे. सांजवात, तुमची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही, कारण "सूज उतरायची गोळी द्या" हे वाक्य मी रोज किमान दहा वेळा ऐकते. या गोळीबद्दल आमच्या बाजूनं लिहिणं मला माझं काम वाटतं.

एसिक्लोफिनॅक शेड्यूल एचमध्ये येतं. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. मूत्रपिंडात रक्त घेऊन येणारी जी बारीक नळी असते, ती उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिनच करतं. तुम्ही गोळी घेतलीत की हिरडीतलं प्रोस्टाग्लँडिन कमी होतं, तसं तिथलंही होतं. तरुण, निरोगी माणसाला तीन दिवसांत काही जाणवत नाही. पण बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलसारखी गोळी चालू असेल आणि जोडीला लघवी वाढवणारं औषधही असेल, तर मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी दाब येतो. पुष्कळदा ही दोन औषधं एकाच गोळीत असतात, नावापुढे एच किंवा एचसीटी असतं, पेशंटला कल्पनाच नसते. आईंच्या बीपीच्या पट्टीवर मागच्या बाजूला हायड्रोक्लोरोथायाझाइड, म्हणजे हेच लघवी वाढवणारं औषध, लिहिलंय का, आजच बघा आणि डॉक्टरांना सांगा.

आता गोळीतला तिसरा घटक, सेराशिओपेप्टिडेज. लोक यालाच "सूज उतरवणारं" म्हणून ओळखतात. रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडलेल्या जंतूपासून मिळवलेलं विकर आहे ते. जपानमध्ये ज्या मोठ्या कंपनीचं हे औषध होतं, तिनं पुन्हा चाचणी घेतली, साध्या साखरेच्या गोळीपेक्षा काही फरक दिसला नाही, आणि २०११ साली स्वतःहून बाजारातून काढून घेतलं. आपल्याकडे अजून मूठ-मूठ विकलं जातं.

पोटात अल्सर होऊन गेलाय, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे, दमा आहे, हृदय कमजोर आहे, पाच महिन्यांची किंवा पुढची गरोदर आहे, अशा कुणीही या गटातली गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये. मी आता नियम केलाय. कुणी तिसऱ्यांदा दातासाठी गोळी मागायला आलं की देत नाही, समोरच्या दवाखान्याची वेळ कागदावर लिहून देते. लोक रागावतात. रागावू देत.

रेवदंडा

शिसवीताई, तुमच्यासारखी दुकानं गावोगाव हवीत.

डॉक्टर, मग साफसफाईनंतर तुम्ही लोक स्वतःच ज्या दुखण्याच्या गोळ्या लिहून देता त्यांचं काय?

दंतमूळ

ती दोन-तीन दिवसांची गोष्ट. हिरडी उघडून शस्त्रक्रिया केली, दात काढला, तर आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल द्यावंच लागतं. ते दुखणं कमी करायला, रोग बरा करायला नव्हे. मूत्रपिंडाची तक्रार असेल तर नुसतं पॅरासिटामॉल. सांजवात, तुमच्या आईंसाठी हेच, आणि तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. मला इथे डॉक्टरांनी मुळांच्या साफसफाईबरोबर डॉक्सिसायक्लीन २० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन महिने दिलं होतं. मी म्हटलं एवढे दिवस अँटिबायोटिक? ते म्हणाले, या डोसमध्ये ते अँटिबायोटिक म्हणून काम करत नाही. हे तुमच्या "सूज कमी करणाऱ्या" औषधांत बसतं का?

दंतमूळ

एडिसनकर, तुम्ही मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तरच घेऊन आलात. हिरड्यांच्या रोगात शरीराची प्रतिक्रिया आवरण्यासाठी अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) मान्य केलेलं पोटातून घ्यायचं हे एकच औषध. १९९८ साली मान्यता मिळाली.

याची गोष्ट मला फार आवडते. लॉरेन्स गोलब नावाचे संशोधक न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात मधुमेही उंदरांवर काम करत होते. मधुमेह झाला की हिरडीतलं कोलॅजन तोडणारं विकर वाढतं. त्यांनी डॉक्सिसायक्लीनच्याच, म्हणजे टेट्रासायक्लीन गटातलं मिनोसायक्लीन दिलं, विकर कमी झालं. तुम्ही म्हणाल जंतू मेले म्हणून. पण त्यांनी अंगावर एकही जंतू नसलेले, खास वाढवलेले उंदीर घेतले, आणि तिथेही विकर कमी झालं. म्हणजे औषध थेट त्या विकरालाच अडवत होतं. १९८३ साली हे प्रसिद्ध झालं. मग डोस इतका कमी केला की रक्तातलं प्रमाण जंतू मारण्याइतकं राहू नये आणि विकर मात्र अडावं.

उपयोग किती? अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१५ साली हिशोब मांडला. साफसफाईच्या जोडीला हे दिलं तर दाताची पकड सरासरी ०.३५ मिलिमीटर जास्त सुधारते. मध्यम ते तीव्र रोगात विचार करावा असं त्यांनी म्हटलं. युरोपनं २०२० साली तोच पुरावा पाहून नको म्हटलं. मी स्वतः युरोपच्या बाजूचा आहे. माझ्या पेशंटला तीन महिने गोळ्यांचे पैसे घालायला लावण्यापेक्षा तेच पैसे दर तीन महिन्यांच्या तपासणीला लागले तर दात जास्त टिकतात, हा माझा अनुभव. झपाट्यानं वाढणारा रोग असेल, साफसफाई उत्तम होऊनही हाड जात असेल, तर मात्र मीही विचार करेन.

तिखटमीठ

आपल्याकडे १०० मिलिग्रॅमची गोळी स्वस्त मिळते. तिचे पाच तुकडे केले तर?

दंतमूळ

कृपया नको. तुकडे सारखे होत नाहीत. एखाद्या दिवशी ४० जाईल, एखाद्या दिवशी १०. जंतू मारायला अपुरा आणि जंतूंना सरावायला पुरेसा, असा डोस महिनोन्‌महिने पोटात जाणार. शिवाय ही गोळी घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम होते, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना चालत नाही, उन्हात त्वचा भाजते.

मोगरा०७

मला १४ वर्षांपासून शुगर आहे. कितीही पथ्य केलं तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.४ च्या खाली येत नव्हतं. शुगरच्या डॉक्टरांनी दातांकडे पाठवलं तेव्हा मला रागच आला होता. चार सिटिंगमध्ये खोल साफसफाई झाली, तीन महिन्यांनी ७.९ आलं. औषध तेच होतं. हा योगायोग की खरंच संबंध आहे?

दंतमूळ

संबंध आहे, आणि दोन्ही बाजूंनी. शुगरमुळे हिरड्यांची सूज वाढते, हिरड्यांच्या सुजेमुळे इन्सुलिन नीट काम करत नाही. कॉक्रेन संस्थेनं २०२२ साली अनेक चाचण्या एकत्र केल्या, त्यात तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ टक्क्यांनी एचबीएवनसी उतरलेलं दिसलं. म्हणजे बघा, सूज उतरवण्याची गोळी न देता सुजेचं कारण काढलं, तर परिणाम रक्तापर्यंत पोहोचतो. सुजेवर सगळ्यात चांगलं औषध कुठलं असं मला कुणी विचारलं तर मी माझ्या हातातली क्युरेट दाखवतो, खरवडायची ती छोटी वाकडी पट्टी.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. शिसवीताई, पट्टी उलटी करून पाहिली. टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी बदलली आणि दोन आठवड्यांनी रक्त परत तपासायला सांगितलंय.

काल पहिलं सिटिंग झालं. आधी डॉक्टर एक बोथट बारीक सळई एकेका दाताभोवती घालून फटीच्या खोलीचे मिलिमीटरमधले आकडे म्हणत होते आणि बाजूची मुलगी लिहून घेत होती. "तीन, दोन, चार. चार, तीन, सहा. सहा, पाच, सात." सळईवर काळ्या पट्ट्या असतात, सातला त्या दिसेनाशा झाल्या. आईला काही दुखलं नाही, पण मला ते आकडे ऐकवेनात.

मग त्यांनी विचारलं, "मिश्री लावता का?" आई गप्प. मी नाही म्हणणार इतक्यात ती म्हणाली, "लावायचे. आता चिमूटभरच, पोट साफ व्हायला." मला माहीतच नव्हतं. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास लहानपणी यायचा, आजी गेल्यावर तो थांबला असं मी धरून चालले होते.

दंतमूळ

हे तुम्ही लिहिलंत फार बरं झालं. साताऱ्यापासून कोकणापर्यंत माझ्या निम्म्या आज्या हे लपवतात, कारण सुनेसमोर, मुलीसमोर लाज वाटते. तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रोग असूनही रक्त कमी येतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. जखमही नीट भरत नाही. मिश्री चालू राहिली तर माझी साफसफाई निम्मी वाया. आईंवर रागावू नका. सकाळी मिश्रीच्या वेळेला त्यांच्या हातात दुसरं काहीतरी द्या, बडीशेप, ओवा, गरम पाण्याचा तांब्या. माझ्या एका आजींनी त्या वेळेला नातवाला शाळेत सोडायला जायला सुरुवात केली आणि त्यांची मिश्री सुटली.

घरी दोन दातांमधल्या फटींसाठी छोटा ब्रश मिळतो, इंटरडेंटल ब्रश म्हणून मागा. फट मोठी झालेल्या वयात दोऱ्यापेक्षा तो सोपा पडतो. माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

पिंपळपान

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वडिलांचं आम्ही मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात केलं. रांग असते, सकाळी लवकर जावं लागतं, विद्यार्थी काम करतात आणि मागे प्राध्यापक उभे राहून तपासतात. खाजगीच्या तुलनेत फारच कमी पैसे लागले. नागपूर आणि संभाजीनगरलाही शासकीय महाविद्यालय आहे.

मोगरा०७

एक राहिलं. माझ्या सासूबाई हाडं ठिसूळ झाल्याची आठवड्याची गोळी घेतात. हाडाची झीज थांबवणारं औषध, म्हणजे दातांनाही फायदाच का?

दंतमूळ

उलट, त्यांना आधीच सांगून ठेवा. ॲलेंड्रोनेटच्या गटातलं औषध असेल तर दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना माहीत असलंच पाहिजे. क्वचित, पण जबड्याचं हाड उघडं पडून भरून न येण्याचा धोका असतो. मनानं गोळी बंदही करू नका. हिरड्यांच्या रोगासाठी म्हणून ते औषध देऊ नये असंच युरोपनं म्हटलंय.

सांजवात

साडेतीन महिन्यांनी परत लिहितेय. क्रिएटिनिन १.४ वर आलंय. डॉक्टर म्हणतात, यापेक्षा खाली येईल की नाही ते वर्षभरानं कळेल, पण वाढलं नाही. पुढचा हलणारा एक दात काढावा लागला. दुसरा बाजूच्या दातांना मागून बारीक तारेनं बांधलाय, तो आहे.

मिश्री पूर्ण सुटलेली नाही. सकाळची सुटली, दुपारची कधीमधी होते. ती लपवत नाही आता, मला सांगते. साबुदाण्याचा डबा मी परत तपासला नाही.

परवा आकडे पुन्हा मोजले. पूर्वीच्या सातचे चार झालेत, एका दाढेपाशी अजून सहा आहे, तिथे हिरडी उघडून साफ करायची का ते पुढच्या महिन्यात ठरेल. मुलगी आकडे लिहीत होती तेव्हा आई खुर्चीत डोळे मिटून बोटांवर मोजत होती. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना म्हणाली, "वरच्या डाव्या बाजूला सगळे तीनच्या आतले आले. ऐकलंस ना?"